न दिसणारे तेल

चिखल हा धानाचा सोबती. आपल्या सिंदेवाहीच्या मुलखात चिखलणी झाल्याशिवाय रोवणी होत नाही. बांधीत पाणी साचले, चिखल मऊ झाला, म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला बरे वाटते. पण जो चिखल धानाला मानवतो, तो गाडीला मानवत नाही. गाडीच्या पोटात चिखलाचे पाणी शिरले, तर गाडी बसते. आज आपण याच गोष्टीचा धडा वाचू.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक भाऊ येतात. त्यांच्याकडे जुनी जीप आहे. रोवणीच्या दिवसांत ते बायांना शेतावर नेतात आणि संध्याकाळी घरी आणून सोडतात. एकदा पावसात नाल्याला पाणी आले होते. जीप नाल्यातच बंद पडली. मागची चाके अर्ध्यापर्यंत पाण्यात होती. चार माणसांनी ढकलून ती बाहेर काढली. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाले. भाऊ म्हणाले, "चला, वाचलो."

पंधरा दिवसांनी ते वर्गात आले आणि म्हणाले, "गुरुजी, गाडी मागून गुणगुणून राहिली."

आम्ही विचारले, "मिस्त्रीला दाखवली का?"

"हंगाम चालू आहे जी. रोवणी झाली की दाखवतो."

रोवणी संपायच्या आधीच गाडीने दगा दिला. संध्याकाळची वेळ होती. जीपमध्ये नऊ बाया होत्या. दोन्ही बाजूंना जंगल होते. मागून कडाड आवाज झाला. मागची चाके जागच्या जागी अडकली आणि जीप फरफटत रस्त्याच्या कडेला गेली. आपले जंगल वाघाचे आहे. अंधारात पायी निघण्याची कोणाची छाती झाली नाही. सगळ्या जणी जीपमध्येच दाटीवाटीने बसून राहिल्या. रात्री उशिरा एक ट्रॅक्टर आला, तेव्हा सुटका झाली. घरी लेकरे रडत होती.

मिस्त्रीने मागचा गोळा उघडला. आत तेल नव्हतेच म्हणा ना! दूध घातलेल्या चहासारखे काहीतरी होते. दातेरी चाकांचे दात तुटले होते. बेअरिंग झिजून गेले होते. भाऊंची हंगामाची कमाई दुरुस्तीत गेली.

आम्ही विचारले, "भाऊ, या गोळ्यातले तेल शेवटचे केव्हा बदलले होते?"

भाऊ आमच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "इंजिनचं तेल तर वेळेवर बदलतो. मागच्या गोळ्यातबी तेल असते का जी?"

भाऊंना दोष देऊ नका. हे तेल दिसतच नाही. इंजिनचे तेल पाहायला काडी असते. जीपच्या गिअर बॉक्सला आणि मागच्या गोळ्याला तशी काडी नसते. जे दिसत नाही, ते माणूस विसरतो. म्हणून ते मुद्दाम बघावे लागते.

१. हा गोळा करतो काय?

इंजिन जोर तयार करते. तो जोर आधी गिअर बॉक्समध्ये जातो. तिथे लहान-मोठी दातेरी चाके असतात. चढावर जोर जास्त लागतो, वेग कमी चालतो. सपाट रस्त्यावर वेग हवा, जोर कमी पुरतो. गिअर टाकला म्हणजे आतली वेगळी चाके कामाला लागतात. गिअर बॉक्समधून एक लांब दांडा मागे जातो. तो मागच्या दोन चाकांमधल्या गोळ्यात शिरतो. या गोळ्याला डिफरन्शियल म्हणतात.

डिफरन्शियल कशाला हवे? धान चुरताना खळ्यावर बैल कसे फिरतात, ते आठवा. मधल्या खांबाजवळचा बैल लहान फेरा घेतो. कडेचा बैल मोठा फेरा घेतो. दोघांनी सारखीच पावले टाकायची म्हटले, तर चालेल का? दावे तुटेल. गाडी वळते तेव्हा असेच होते. आतल्या बाजूचे चाक थोडे चालते, बाहेरच्या बाजूचे जास्त चालते. दोन्ही चाकांना जोर मिळावा, पण प्रत्येकाला आपापल्या वेगाने फिरता यावे, यासाठी हा गोळा असतो. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्स देशातल्या पेकर नावाच्या कारागिराने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ती वापरली. आजच्या जीपमध्ये, पिकअपमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये तीच युक्ती आहे.

२. तेलाचे काम काय?

गोळ्यातली चाके लोखंडाची असतात. लोखंडावर लोखंड घासले की ते तापते आणि झिजते. तेल मध्ये पातळ पडद्यासारखे राहते. त्यामुळे दाताला दात थेट घासत नाही. तेल उष्णता वाहून नेते. झिजलेला बारीक कीस खाली बसवते. गंज धरू देत नाही. चार कामे, तीही अंधारात.

मग नाल्यात पाणी आत शिरले कसे? गोळा तर चारी बाजूंनी बंद असतो! एक प्रयोग करून पाहा. काचेची नको, पितळेची लोटी घ्या. तिच्यात गरम पाणी घाला आणि लोटी तापली की पाणी ओता. मग लगेच लोटी पालथी करून थंड पाण्याच्या परातीत ठेवा. थोड्या वेळाने परातीतले पाणी लोटीत वर चढेल. आतली गरम हवा थंड होऊन आकसते आणि पाणी ओढून घेते. गाडीचा गोळाही चालून चालून तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते. मग हवा जाण्यायेण्याच्या बारीक भोकातून किंवा जुन्या झालेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. लोण्यासारखे घुसळले गेले, की तेल पांढुरके होते. अशा तेलाला दात सांभाळता येत नाहीत.

म्हणून नियम लक्षात ठेवा. गाडीची मागची चाके पाण्यात बुडाली, तर गोळ्यातले तेल त्याच आठवड्यात तपासा. हंगाम संपण्याची वाट पाहू नका.

३. डब्यावर काय लिहिले आहे?

तेल घ्यायला जाताना गाडीबरोबर आलेले पुस्तक जवळ ठेवा. त्यात कोणते तेल, किती लिटर आणि किती किलोमीटरनंतर बदलायचे, हे लिहिलेले असते. पुस्तक हरवले असेल, तर कंपनीच्या दुकानात विचारून कागदावर लिहून आणा. ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. "कोणतंही तेल चालते" असे सांगणारा माणूस दुरुस्तीचे पैसे भरायला येत नाही.

डब्यावर दोन खुणा वाचायच्या असतात.

पहिली खूण अंकांची. उदाहरणार्थ, ८०डब्ल्यू-९०. पहिला अंक थंडीतला पातळपणा सांगतो. दुसरा अंक तापल्यावरचा दाटपणा सांगतो. अंक मोठा, तर तेल दाट. इंजिनच्या तेलावरही असे अंक असतात. पण त्यांचे माप वेगळे आहे. इंजिनचे ४० आणि गिअरचे ९० यांची तुलना करू नका.

दुसरी खूण अक्षरांची. जीएल-४ किंवा जीएल-५. हा फरक फार महत्त्वाचा आहे. गोळ्यातल्या चाकांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. तिथे दाब मोठा असतो. म्हणून बहुतेक गाड्यांच्या गोळ्याला जीएल-५ लागते. त्यात जास्त दाब सोसणारी रसायने अधिक असतात. पण पुष्कळ गिअर बॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात. काही जीएल-५ तेलांतली रसायने त्या कड्यांना बाधतात. त्यामुळे अनेक गिअर बॉक्सना जीएल-४ सांगितलेले असते. एकाच गाडीत दोन ठिकाणी दोन तेले लागू शकतात, ते असे.

भाऊंनी दुसऱ्यांदा तेल आणले, तेव्हा दुकानदाराने दोन्हीसाठी एकच डबा पुढे केला. भाऊंनी डबा हातात घेतला आणि अंकावर बोट ठेवले. म्हणाले, "यावर ५ लिहिला आहे जी. माझ्या कागदावर गिअर बॉक्ससाठी ४ आहे." दुकानदाराने डबा बदलून दिला. एका आकड्याने गिअर बॉक्स वाचला. आमच्या वर्गाला त्या दिवशी फार आनंद झाला.

४. सामान जमवा

नटाला नेमका बसणारा पाना. पसरट परात किंवा कापलेला डबा. नवे तेल. नटाखालच्या नव्या वायसर. जुने फडके. तेल भरायला हातपंप किंवा लांब नळी आणि नाळके. वही आणि पेन्सिल. हातमोजे असले तर उत्तम.

५. तेल बदलू या

आधी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा. कोमट तेल पातळ होते आणि गाळासकट बाहेर येते. मात्र गाडी लांबून तापून आली असेल, तर अर्धा तास थांबा. हात भाजून घेऊ नका.

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा ओल्या मातीत हे काम करू नका. इंजिन बंद करा, गिअर टाकून ठेवा, हातब्रेक ओढा. चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे लावा. जीप उंच असते. जॅक न लावताही खाली सरपटत जाता येते. तसे जमले तर फारच चांगले. गाडी उचलावीच लागली, तर चारही बाजूंनी सारखी उचला आणि लोखंडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. विटा आणि दगडही नकोत. वीट फुटते. तेल पुन्हा विकत मिळते, माणूस मिळत नाही.

आता गोळ्याकडे बघा. त्याला बहुधा दोन नट असतात. वरचा नट तेल भरायचा. खालचा नट तेल काढायचा. इथे सगळ्यात मोठा नियम आहे. तो दोनदा वाचा.

आधी वरचा नट उघडा. मग खालचा नट उघडा.

असे का? समजा, तुम्ही आधी खालचा नट उघडला. सगळे तेल वाहून गेले. मग वरचा नट गंजलेला निघाला, काही केल्या फिरेना. आता तेल भरायचे कोठून? गाडी अंगणातच अडकली. मिस्त्रीकडे न्यायची, तर तेलाशिवाय चालवावी लागेल. म्हणून भरायची वाट मोकळी आहे याची खात्री झाल्यावरच तेल काढायची वाट उघडा.

नटाभोवतीचा चिखल आधी पुसून काढा. नाहीतर तोच आत जाईल. खाली परात ठेवा. खालचा नट हळूहळू सैल करा. तेल शेवटच्या थेंबापर्यंत गळू द्या. घाई करू नका. तेवढ्या वेळात नट स्वच्छ पुसा. निघालेले तेल मापून पाहा. पुस्तकात सांगितले त्यापेक्षा बरेच कमी निघाले, तर कुठेतरी गळती आहे.

मग नवी वायसर घालून खालचा नट बसवा. घट्ट करा, पण सारी ताकद लावू नका. आटे मोडले तर मोठे काम निघते. वरच्या भोकातून नवे तेल भरा. तेल भोकाच्या काठाशी येऊन बाहेर गळू लागले, की थांबा. गळणे थांबले की वरचा नट लावा. बहुतेक गाड्यांत हीच भरल्याची खूण असते. गाडी तिरपी उभी असेल, तर ही खूण खोटी ठरते.

"थोडं जास्त भरलं तर बरं," असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. जास्तीचे तेल सीलमधून चाकाकडे जाते. तिथे ब्रेक असतात. ब्रेकला तेल लागले, तर गाडी थांबत नाही.

गिअर बॉक्सची रीत हीच आहे. तेल मात्र त्याचे. चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपला पुढेही एक गोळा असतो आणि गिअर बॉक्सला जोडून आणखी एक पेटी असते. त्यांनाही विसरू नका. काही गोळ्यांना खालचा नटच नसतो. त्यांचे तेल पंपाने ओढावे लागते किंवा झाकण खोलावे लागते. ज्या लहान मोटारी पुढच्या चाकांवर चालतात, त्यांत बहुधा गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचे तेल आणि रीत वेगळी असते. ते काम मिस्त्रीवर सोपवा.

शेवटी गाडी थोडी चालवून आणा. परत खाली वाकून बघा. नटाशी थेंब दिसत नसेल, तर काम झाले.

६. जुने तेल काय सांगते?

वैद्य नाडी बघतो, तसे तेल बघावे. खालच्या नटाला पुष्कळदा लोहचुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरू नका. ती रोजची झीज आहे. पण बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला, तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. तेल काळे झाले असेल, तर ते जुने झाले. करपल्याचा वास आला, तर आत तापले आहे. पांढुरके असेल, तर पाणी शिरले आहे.

पाणी शिरले असेल, तर एकदा तेल बदलून भागत नाही. नवे तेल घालून थोडे अंतर चाला आणि तेही काढून टाका. मग पुन्हा भरा. हवेचे भोक चिखलाने बुजले असेल, तर साफ करा. सील गळके असेल, तर बदला. पाण्याची वाट बंद केली नाही, तर पुढच्या नाल्यात पुन्हा तेच होईल.

आणि गाडी गुणगुणू लागली, तर ऐका. तो आवाज म्हणजे गाडीचे बोलणे आहे.

७. जुने तेल टाकायचे कुठे?

परातीत काळे तेल उरले. आता काय करायचे? "धुऱ्यापलीकडे ओतून दिलं," असे म्हणू नका. धुऱ्यापलीकडे कोणाची तरी बांधी आहे. पहिला पाऊस आला की ते तेल बांधीत जाते, बांधीतून बोडीत जाते. पाण्यावर तेलाचा पापुद्रा पसरतो. त्याखाली मासोळीचा जीव गुदमरतो. त्याच बोडीवर आपली गुरे पाणी पितात.

जुन्या तेलात धातूचा कीस आणि घातक रसायने असतात. ते जनावराच्या जखमेला लावू नका. चुलीत जाळू नका. ज्या डब्यात ते ठेवाल, तो डबा पुन्हा धान्याला किंवा पाण्याला वापरू नका. सरकारच्या २०१६ सालच्या नियमांत वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात धरले आहे. असे तेल शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणता येते. म्हणून ते झाकणाच्या डब्यात भरा, वर "जुने तेल" असे लिहा आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन द्या. हात साबणाने धुवा, मगच भाकर खा.

भाऊंनी आता एक वही केली आहे. मृग लागण्यापूर्वी एकदा आणि रोवणी आटोपल्यावर एकदा ते दोन्ही ठिकाणचे तेल तपासतात. वहीत पाच रकाने आहेत. तारीख, किलोमीटर, तेलाचे नाव, किती लिटर, काय दिसले. वर्गात येण्यापूर्वी ते कागदावर अंगठा उठवत. शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "तेल साफ आहे. पाणी नाही."

ही ओळ लहान आहे. पण रोवणीच्या बाया त्या ओळीच्या भरवशावर जीपमध्ये बसतात.

विचार करा आणि सांगा

१. जीप नाल्यातून बाहेर निघाली, तरी पुढे का बंद पडली?
२. आधी वरचा नट का उघडावा?
३. डब्यावरच्या जीएल-४ आणि जीएल-५ यांत काय फरक आहे?
४. गोळ्यात तेल जास्त भरले तर काय होईल?
५. तुमच्या गावात जुने तेल कुठे टाकतात? ते कुठे जाते?
६. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीसाठी पाच रकान्यांची वही तयार करा. पहिली ओळ तुमच्या हाताने लिहा.